मापाचीं खेळणीं आणि मेजावरील युद्ध

खेळ लहानांचा व काम मोठ्यांचें, अशी वांटणी आपण फार पूर्वीं करून ठेविली आहे, आणि ही सीमा ओलांडणाऱ्याकडे आपण थोड्याशा संशयानेंच पाहतों. दहावींतील मुलगा महिनाभर संध्याकाळीं बसून वीतभर लांबीचें विमान तयार करूं लागला, कीं घरांतून प्रश्न येतो, "याला अभ्यास नाहीं का?" चाळिशींतला गृहस्थ तेंच करूं लागला, तर शेजारी हंसतात. पुढें हीं विमानें, रणगाडे व बोटाच्या पेराएवढे सैनिक मेजावर मांडून दोघे मित्र फासे टाकून लढाई खेळूं लागले, म्हणजे तर अधिक गंभीर शंका उभी राहते. मनुष्यसंहाराचा असा खेळ करणें चांगलें काय? ज्या शाळेंत दररोज सकाळीं शांतीसाठीं प्रार्थना होते, त्या शाळेंतील मुलांनीं तो खेळावा काय? पालकांनीं हा प्रश्न मला अनेकदां विचारिला आहे. त्याचें उत्तर 'होय' असें देण्याइतपत माझें मत बनलें आहे. परंतु त्या होकारास कांहीं अटी आहेत, आणि त्या अटींसाठींच हा लेख लिहीत आहें.

प्रथम प्रतिकृति म्हणजे काय तें पाहूं. बाजारांतील सामान्य खेळणें व प्रमाणबद्ध प्रतिकृति यांत एकच भेद आहे, पण तो मूलभूत आहे. खेळण्यांतील मोटारीचीं चाकें जरा मोठीं असलीं, तरी मूल तक्रार करीत नाहीं. प्रतिकृतींत मात्र प्रत्येक भाग मूळ वस्तूपेक्षां एकाच ठराविक पटीनें लहान असावा लागतो. विमानांच्या प्रतिकृतींत फार रूढ असलेलें प्रमाण १:७२ हें आहे. हा विचित्र दिसणारा आंकडा कोठून आला, तें फूट-इंचांचें कोष्टक आठवल्यास सहज कळेल. सहा फूट म्हणजे ७२ इंच. तेव्हां या प्रमाणांत सहा फूट उंचीचा मनुष्य बरोबर एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धांतील स्पिटफायर या ब्रिटिश विमानाच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच होता. प्रतिकृतींत तो सहा इंचांहून किंचित् अधिक भरतो. इंग्लंडांतील एअरफिक्स कंपनीनें याच विमानाचे सुटे प्लॅस्टिकचे भाग, घरीं जोडून घेण्यासाठीं, विक्रीस काढले. प्रमाणें नेहमीं शास्त्रविचारानेंच ठरतात असेंही नाहीं. जपानमधील तामिया कंपनीनें १९६१ सालीं जर्मन पँथर रणगाड्याची प्रतिकृति काढली. तींत विजेची मोटार व बॅटऱ्या मावतील एवढा आकार घेतला, तो मोजतां १:३५ भरला, आणि रणगाड्यांसाठीं आज जगभर तेंच प्रमाण रूढ आहे.

मापाची ही शिस्त गणिताच्या पुस्तकाहून कडक आहे. लांबी ७२ पटींनीं घटली, म्हणजे पृष्ठभाग ७२ गुणिले ७२, अर्थात् ५,१८४ पटींनीं घटतो, आणि घनफळ ३,७३,२४८ पटींनीं घटतें. वर्गांत हा नियम पाठ करणाऱ्या मुलास त्याचा अर्थ कळतोच असें नाहीं. हातांत कानस व रंगाचा कुंचला घेतला म्हणजे मात्र प्रमाणाचा अर्थ कळूं लागतो. रंगाचा थर अवघा एकदशांश मिलिमीटर जाड बसला, तरी १:७२ या प्रमाणांत तें खऱ्या विमानास सात मिलिमीटरांहून जाड लिंपण दिल्यासारखें होतें. पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेघा व खिळ्यांचीं डोकीं त्याखालीं बुजून जातात. म्हणून जाणता कारागीर रंग पातळ करून दोन-तीन हात देतो, आणि प्रत्येक हात पुरता वाळेपर्यंत थांबतो. उतावळ्या मुलास थांबावयास शिकविणें किती कठीण आहे, हें शिक्षकांस व आईबापांस ठाऊकच आहे. येथें तें काम ओला रंग करतो. आम्हांस बोलावें लागत नाहीं.

आपल्याकडे दिवाळींत मुलें अंगणांत मातीचे किल्ले करतात. त्या किल्ल्यांचा मी मोठा चाहता आहें. त्यांत महाराजांची मूर्ति बुरुजापेक्षां मोठी असते, आणि तें योग्यच आहे. तेथील मोजमाप आदराचें असतें, फूटपट्टीचें नसतें. पण एखाद्या वर्षीं तोच किल्ला मापानें करून पाहावा. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ८२० मीटर उंच आहे. १:१००० हें प्रमाण घेतल्यास तो ८२ सेंटिमीटरांवर येईल, आणि त्यावरील मनुष्य दोन मिलिमीटरांहूनही लहान, म्हणजे तिळाएवढा होईल. बाजारांतून आणलेला साडेसात सेंटिमीटरांचा मातीचा मावळा त्या गडाशेजारीं उभा केला, तर तो ७५ मीटर उंचीचा राक्षस ठरेल! हें गणित एकदां हातानें केलें, म्हणजे डोंगर केवढा व त्यावर चढणारा मनुष्य केवढा, हें असें ध्यानांत येतें कीं तें पुन्हां विसरत नाहीं.

माप खोटें बोलूं देत नाहीं, आणि म्हणूनच कधीं कधीं तें मोठ्या माणसांस रुचत नाहीं. १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लू येथें नेपोलियनचा पराभव झाला. पुढें १८३० सालीं कॅप्टन विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्यावर त्या रणभूमीची प्रतिकृति करण्याचें काम सोंपविण्यांत आलें. तो त्या रणभूमीवरील एका शेतवाडींत आठ महिने राहिला, त्यानें सर्व जमीन मोजली, आणि लढाईंतून वांचलेल्या अधिकाऱ्यांस पत्रें लिहिलीं : सायंकाळीं सातच्या सुमारास आपली तुकडी कोठें होती, समोर कोण होतें, शेतांत पीक कोणतें उभें होतें? एका मैलास नऊ फूट या प्रमाणानें केलेली ती प्रतिकृति १८३८ सालीं लंडन येथें लोकांस दाखविण्यांत आली. तींत हजारों इवलेसे धातूचे सैनिक होते. परंतु आलेल्या माहितीवरून सायबोर्ननें असा निष्कर्ष काढिला होता, कीं त्या निर्णायक वेळीं ब्रिटिशांचें मित्रसैन्य, म्हणजे प्रशियन सैन्य, रणांगणांत पुष्कळ पुढें आलेलें होतें. विजयी सेनापति ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांस व त्यांच्या बाजूच्या मंडळींस तें पसंत पडलें नाहीं, कारण त्यामुळें विजयाचें श्रेय वांटलें जात होतें. अखेर सायबोर्ननें प्रशियन सैनिकांच्या पुष्कळ आकृति काढून टाकिल्या. या कामापायीं तो कर्जांतही बुडाला. ती प्रतिकृति आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्यें आहे, आणि त्यानें जमविलेलीं पत्रें त्या लढाईच्या अभ्यासकांस अजून उपयोगीं पडतात. नखाएवढ्या सैनिकांची जागा कोणती, एवढ्यावरून राज्याचे धुरंधर अस्वस्थ व्हावेत, हें विचार करण्यासारखें आहे.

शाळेंतील मुलांस अधिक जवळचें वाटेल असें दुसरें उदाहरण १९४२ सालचें आहे. अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत उतरल्यावर तेथील नौदलानें देशांतील शाळांकडे विमानांच्या पांच लक्ष प्रतिकृति मागितल्या. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें, हें क्षणार्धांत ओळखण्याचें शिक्षण देण्यासाठीं त्या हव्या होत्या. प्रमाण तेंच, १:७२. आणि केवळ आकारावरून ओळख पटावी म्हणून रंग काळा. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृति सुमारें अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा. मुलांनीं केलेलें काम नमुन्याशीं ताडून घेतलें जाई. 'चालेल' हा आपल्याकडील फार लाडका शब्द आहे. त्या कामांत त्यास जागा नव्हती. पंख प्रमाणाबाहेर रुंद झाला, तर ती प्रतिकृति पाहून शिकलेल्या तोफवाल्याची नजर फसण्याचा, आणि आपलेंच विमान पाडलें जाण्याचा संभव होता.

आतां मेजावरील युद्धाकडे वळूं. या खेळाचें मूळ आपल्याच देशांत आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशा चार अंगांचा चतुरंग इराण व अरब देशांच्या मार्गें युरोपांत गेला व तेथें त्याचें आजचें बुद्धिबळ झालें. १७८० सालीं जर्मनींतील ब्रन्सविक येथील हेलविग नांवाच्या गणितज्ञानें तो पट पुष्कळ वाढवून त्यावर निरनिराळ्या प्रकारची जमीन आणली. नंतर फॉन राइसविट्झ नांवाच्या प्रशियन गृहस्थानें राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा यांस १८१२ सालीं एक मेज करून दिलें. त्यावर नद्या, रस्ते व टेंकड्या असलेले तुकडे हवे तसे मांडून वाटेल ती रणभूमि रचतां येई. त्याच्या मुलानें १८२४ सालीं नियमांचें पुस्तक काढलें. १:८००० प्रमाणाचा नकाशा, तांबड्या व निळ्या सैन्याचे तुकडे, एका डावांत दोन मिनिटांचा काळ, फासे, आणि दोन्हीं पक्षांमध्यें एक पंच, अशी त्याची रचना होती. खेळणाऱ्यानें हुकूम पंचाकडे द्यावयाचे, आणि त्याच्या सैन्यास जेवढें दिसलें असतें तेवढेंच त्यास दाखवावयाचें. बुद्धिबळांत सारा पट डोळ्यांपुढें असतो आणि घोडा सांगितलेल्या घरींच जातो. खऱ्या रणांगणावर धुकें असतें, निरोप्या वाट चुकतो, घाबरलेली तुकडी हुकूम मोडते. हें सारें दाखविण्यासाठींच पंच व फासे आले.

या खेळाचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित् लिव्हरपूल शहरांत झाला असेल. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरांत ब्रिटनकडे धान्य व माल आणणारीं जहाजें बुडवीत होत्या. क्षयरोगामुळें नौदलांतून पूर्वींच निवृत्त झालेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनीं १९४२ च्या आरंभीं तेथें एका मोठ्या खोलीच्या जमिनीवर समुद्र आंखला. त्यावर लहान लहान जहाजें मांडलीं, आणि नौदलाच्या स्त्री-विभागांतील तरुण मुलींना हाताशीं घेऊन प्रत्यक्ष घडलेले हल्ले पुन्हां खेळून पाहण्यास आरंभ केला. पाणबुडी जहाजांच्या तांड्याबाहेर दुरून मारा करीत असावी, असा अधिकाऱ्यांचा समज होता. खेळांत तें जमेना. मोजून पाहतां असें दिसून आलें, कीं रात्रीं पाण्याच्या पृष्ठभागावरून मागच्या बाजूनें ती तांड्याच्या आंतच शिरत असली पाहिजे. त्यावरून हल्ला होतांच रक्षक नौकांनीं सैरावैरा न धांवतां ठराविक आकृतीनें शोध घ्यावा, अशी युक्ति ठरली. जीन लेडलॉ या तरुणीनें तिला 'रास्पबेरी' असें थट्टेचें नांव दिलें. पुढें सुमारें पांच हजार अधिकारी त्या जमिनीवर खेळून शिकले. पूर्वीं स्वतः पाणबुडीचे कप्तान असलेले ॲडमिरल हॉर्टन तेथें पाणबुडीच्या बाजूनें खेळले, तेव्हां विशीच्या आसपासच्या जॅनेट ओकेल हिनें त्यांस पुनःपुन्हां हरविलें. मुलींचें येथें काय काम, असें कोणी विचारील, तर त्यास ही हकीकत सांगावी.

त्याच वर्षीं जगाच्या दुसऱ्या टोंकास दुसराच प्रकार घडला. मे १९४२ मध्यें जपानी नौदलाचे वरिष्ठ अधिकारी यामातो या युद्धनौकेवर मिडवे बेटावरील नियोजित चढाई खेळून पाहत होते. जपानी अधिकाऱ्यांनीं युद्धानंतर लिहिलेल्या वृत्तांताप्रमाणें, फाशांनीं असा निकाल दिला कीं शत्रूच्या विमानांचे नऊ बॉम्ब लागून अकागी व कागा हीं दोन विमानवाहू जहाजें बुडालीं. पंचप्रमुख ॲडमिरल उगाकी यांनीं नवांचे तीन करविले. अकागी वांचलें, आणि बुडालेलें कागाही पुढील डावांत पुन्हां तरंगूं लागलें. पुढच्याच महिन्यांत मिडवेजवळ खरी लढाई झाली, आणि अकागी, कागा, सोर्यू व हिर्यू हीं चारही जहाजें समुद्राच्या तळाशीं गेलीं. फाशांस भविष्य कळत होतें, असें माझें म्हणणें नाहीं. पण त्यांनीं एक शंका विचारली होती, आणि ती विचारांत घेण्याचें सोडून तिला गप्प बसविण्यांत आलें. लिव्हरपूलमध्यें हरण्याची लाज कोणी बाळगली नाहीं. यामातोवर हरणें कोणास नको होतें.

आतां मूळ शंकेकडे येतों. असले खेळ मुलांच्या मनांत युद्धाची आवड उत्पन्न करतात काय? प्रसिद्ध इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स यांस हा प्रश्न सुटला नव्हता. शिशाचे सैनिक व लांकडी गोळी उडविणारी स्प्रिंगची तोफ घेऊन ते मित्रांसह जमिनीवर लढाया खेळत, आणि त्या खेळाचे नियम त्यांनीं १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' या पुस्तकांत दिले. ज्यानें हें लहान युद्ध खेळून पाहिलें त्यास मोठ्या युद्धाचा मूर्खपणा कळल्यावांचून राहणार नाहीं, असा त्या पुस्तकाच्या अखेरीचा आशय आहे. दुसऱ्याच वर्षीं, १९१४ सालीं, महायुद्ध पेटलें! तेव्हां खेळानें युद्धें थांबतात असें मी म्हणत नाहीं. परंतु खेळानें युद्धें पेटतात हें म्हणणेंही मला पटत नाहीं. भूमि, सत्ता, द्वेष व भय यांपायीं राष्ट्रें लढतात. त्यांतील एकही गोष्ट शिशाच्या सैनिकानें जगांत आणलेली नाहीं.

खरा धोका दुसरा आहे, आणि तो पालकांनीं ओळखावा. तो धोका म्हणजे मरण हलकें वाटूं लागणें. मोबाईलच्या पडद्यावर बोट टेंकलें कीं दहा माणसें पडतात, आणि दुसऱ्या क्षणीं नवी दहा उभीं राहतात. मुलानें त्यांच्यासाठीं कांहीं दिलेलें नसतें, म्हणून त्याचें कांहीं जातही नाहीं. ज्या मुलानें एक इंचाच्या सैनिकाचा चेहरा, पट्टा व बूट रंगविण्यांत दोन संध्याकाळ घालविल्या, तो त्यास मेजावरून उचलून बाजूस ठेवतांना थोडा थांबतो. हें थांबणें मला मोलाचें वाटतें. कांहीं नियमांत एक आकृति वीस सैनिकांच्या जागीं मानितात. त्या हिशेबानें पंधरा आकृति बाजूस ठेविल्या, म्हणजे तीनशें माणसें गेलीं. पन्नास मुलांचा एक वर्ग धरला, तर सहा वर्ग रिकामे झाले. जिंकणाऱ्या मुलानें ही संख्या वहींत लिहावी, असें मी सांगेन. आणि शेजारीं ज्या टेंकडीसाठीं ती गेली त्या टेंकडीचें नांव लिहावें.

तेव्हां माझ्या अटी तीन आहेत. पहिली ही कीं, प्रतिकृति मापानेंच करावी. जें माहीत नाहीं तें चित्र किंवा आराखडा शोधून ठरवावें, अंदाजानें बसवूं नये. दुसरी, खेळ नियमानें खेळावा, आणि पंचाचा निकाल आपणांस कितीही बोंचला तरी बदलूं नये. तिसरी, खेळ संपल्यावर पडलेल्यांची मोजदाद करावी. या तीन अटी पाळल्या जात असतील, तर मुलगा रणगाडा करतो कीं जहाज, इतिहासांतील लढाई खेळतो कीं हल्लीं प्रचारांत असलेल्या काल्पनिक राक्षसांची, याची फारशी चिंता मी करणार नाहीं.

पैशाच्या तक्रारीस उत्तर सोपें आहे. परदेशी संच महाग असतात, हें खरें. पण आरंभ करण्यास त्यांची गरज नाहीं. जाड पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, आगपेटीच्या काड्या, डिंक, पॉलिशपेपर, धारदार चाकू आणि एक चांगली फूटपट्टी एवढ्यावर पुष्कळ काम होतें. चाकू नेहमीं बोटांपासून दूर चालवावा, आणि उग्र वासाचा रंग किंवा चिकटविण्याचें द्रव्य उघड्या खिडकीजवळ वापरावें. लहान मुलांजवळ वडील माणूस असावा. पालकांस माझी एवढीच विनंति आहे, कीं "झालें का?" असें विचारण्यापेक्षां घटकाभर शेजारीं बसून "हें किती पटींनीं लहान आहे?" असें विचारावें. मुलगा उत्तर देऊं लागला, कीं त्याचा वेळ वायां गेला कीं नाहीं याचा निर्णय आपला आपणच होईल.

विद्यार्थ्यांनो, रणगाडाच करावयास पाहिजे असें नाहीं. आपल्या शाळेची इमारत रोज डोळ्यांपुढें आहे. पुढील वर्षीं तिची प्रतिकृति १:१०० या प्रमाणांत करावी, असें मी सुचवितों. एक मीटर म्हणजे एक सेंटिमीटर, त्यामुळें हिशेब सोपा आहे. पायऱ्या किती, खिडक्या किती व त्यांची रुंदी केवढी, हें न मोजतां आपल्यापैकीं कोणास सांगतां येईल? मोजपट्टी कार्यालयांत आहे. मागावयास यावें.